डावं दार

धुक्यातून ती गाडी बाहेर आली तेव्हा चेलेस्तीनो बर्रेरा ट्रामच्या थांब्यावर उभा राहून नाकातला हिरवा रंग रुमालात शिंकरत होता. हा त्याचा रोजचा कार्यक्रम. ट्राम डेपोच्या रंगशाळेत दिवसभर फवारणीची बंदूक हातात धरायची, ट्रामच्या अंगावर हिरव्या रंगाची वाफ उडवायची आणि सुटी झाली की तीच वाफ शिंकरून बाहेर काढायची. शनिवारचा हिरवा रविवारी संध्याकाळपर्यंत नाकात उरायचा. त्यामुळे ती गाडी त्याने वासावरून ओळखली नाही. खरं तर तिला खारवलेल्या माशांचा असा वास येत होता की थांब्यावरच्या दोन बायकांनी शाली नाकाला लावल्या. आवाजावरूनही नाही, इंजिन केव्हाच बदललेलं असावं, कुठल्याही मालट्रकचं वाटावं असं ते खोकत होतं. त्याला दिसला तो पाठीचा बाक. छत संपतं तिथून मागे उतरत जाणारी ती रेघ. सुतारांनी लाकूड वाफेवर धरून धरून ती वळवली होती, आणि तिच्यावरून कुंचला एका दमात वरून खाली नेताना श्वास नेमका कुठे सोडायचा हे चेलेस्तीनोच्या छातीला अजून पाठ होतं. गाडी चिखलाच्या रंगाची होती. एक मडगार्ड तारेने बांधलेलं होतं आणि छतावर रिकामी पिंपं रचली होती. त्याच्या छातीने श्वास धरला आणि ठरलेल्या ठिकाणी सोडला. मग त्याला कळलं की आपण काय पाहिलं.

ट्राम आली. कंडक्टर ओळखीचा होता. "काय बर्रेरा, चढताय ना? का स्वतः रंगवलेल्या ट्रामचा कंटाळा आला?" असं त्याने विचारलंही, पण चेलेस्तीनो तोपर्यंत रस्ता ओलांडून गाडीच्या मागे निघाला होता. या वयात मोटारीच्या मागे धावणं शोभत नाही हे त्याला कळत होतं. सुदैवाने मोटारीलाही धावणं शोभत नव्हतं; बाजाराच्या गर्दीत ती पायी चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने रांगत होती. पोर्ता पालाझ्झोचा बाजार आवरत आला होता. कोबीची पानं, चिरडलेली सफरचंदं आणि शिव्या यांतून वाट काढत तो चालत राहिला. आपल्याला नक्की काय हवंय, हे तो स्वतःला विचारत नव्हता. विचारायची गरजच नव्हती. चोवीस वर्षं त्याला एकच गोष्ट पुन्हा एकदा पाहायची होती. ती गोष्ट जगात शिल्लक असेल यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून ती पाहायची इच्छा त्याने निर्धास्तपणे बाळगली होती. आता विश्वास बसला आणि तो निर्धास्तपणा गेला.

बाजारामागच्या एका आवारात गाडी थांबली. वर डोंगराकडच्या खोऱ्यातून जे लोक हिवाळ्यात समुद्राकडून आणलेले खारे मासे विकायला उतरतात त्यांपैकीच हा एक विक्रेता होता, कोस्तान्सो नावाचा, रुंद तोंडाचा, हात कोपरापर्यंत मिठाने पांढरे झालेला. तो पिंपं उतरवत होता आणि चेलेस्तीनो गाडीच्या डाव्या बाजूला मागच्या दारासमोर उभा होता. दार तेच होतं. तपकिरी रंगाचा जाड, ओबडधोबड थर त्यावर कुणीतरी भिंतीला फासावा तसा फासला होता, पण मुठीखाली एक टवका उडाला होता आणि त्या टवक्यात, नखाएवढ्या जागेत, निळं दिसत होतं.

"काका, मासे हवेत की गाडी?" कोस्तान्सोने विचारलं. "मासे चांगले आहेत. गाडीची मी हमी देत नाही."

"ही ओस्तोरेरो आहे," चेलेस्तीनो म्हणाला.

"असेल. मी हिला म्हातारी म्हणतो आणि तीही राग मानत नाही. टॅक्सीवाल्याकडून घेतली. सोमवारी भंगारात चाललीये. अबिसीनियाची लढाई सुरू झाल्यापासून जो तो लोखंड मागतोय, म्हटलं हिचंही सोनं होऊ दे." त्याने चेलेस्तीनोकडे निरखून पाहिलं. "तुमची होती का?"

"माझी कुठली? मी रंगवली होती. उद्या मला हिचं हे एक दार घासू द्याल?"

"घासू म्हणजे?"

"वरचे रंग काढायचेत."

कोस्तान्सोने पिंप खाली ठेवलं. "पुरायच्या आधी मढ्याला आंघोळ घालतात तसं? घाला की. माझं काय जातंय. फक्त हाताला वास लागेल हं, महिनाभर जात नाही."

घरी ओर्सोलाने टेबल मांडून ठेवलं होतं. कोबी घातलेलं सूप, वर कडक पावाचे तुकडे. उशीर का झाला असं तिने विचारलं नाही. ती त्याला उशिराबद्दल कधीच विचारत नसे, कारण मग तो कारण सांगायचा आणि कारण ऐकण्यात सूप निवायचं. तो जेवायला बसला. समोर बसलेल्या बायकोच्या हातातला चमचा वर जात होता, खाली येत होता, आणि चेलेस्तीनो मात्र ओस्तोरेरोच्या कारखान्यातल्या त्या खोलीत होता जिला सगळे चॅपेल म्हणायचे. ती रोगणाची खोली. तिथे त्याच्याशिवाय कुणी जायचं नाही. आत जाण्याआधी तो तंतू झडणारे लोकरीचे कपडे उतरवून तागाचा सदरा घालायचा, केस फडक्यात बांधायचा, जमिनीवर पाणी शिंपडायचा, म्हणजे धूळ बसते. मग सगळं निवळेपर्यंत भिंतीशी नुसता उभा राहायचा. रंगावर रोगणाचे हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, वजरीच्या दगडाच्या पुडीने आणि पाण्याने घासायचा, पुन्हा हात द्यायचा. अठरा हात. एका गाडीला सारा वसंत ऋतू खर्ची पडे. हात देऊन बाहेर आलं की तो दारावर खडूने फुली मारी, आणि ती फुली तो स्वतः पुसेपर्यंत मालकसुद्धा आत पाऊल टाकत नसत. दाराला कुलूप नव्हतं. कुलूप लावणं म्हणजे फुलीचा अपमान झाला असता.

आणि प्रदर्शनाच्या वर्षी, पो नदीच्या काठावर सगळ्या जगाचे मंडप उभे राहत होते तेव्हा, प्रदर्शनासाठीच तयार होणाऱ्या त्या गर्द निळ्या गाडीच्या डाव्या दारावर एका सकाळी त्याला बोट दिसलं. शेवटून दुसरा हात आदल्या दिवशी दिला होता, तो अजून पुरता वाळला नव्हता, आणि मुठीखाली त्यात कुणाच्या तरी बोटाचं टोक उमटलं होतं. नुसतं टेकवलेलं. ओरखडा नाही, घसरण नाही. चोरून आलेल्या माणसाने एकदा टेकवून दचकून काढून घ्यावं तसं. फुली जशीच्या तशी होती. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात यावरून माणसं कामावरून गेली असती आणि इथेही गेली असती. चेलेस्तीनोने कुणाला सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं ते कुणाचं. आदल्याच दिवशी दुपारी, आवारात बायका आपापले डबे उघडून बसल्या असताना, गाड्यांच्या गादीकामातली क्लेलिया मोठ्याने म्हणाली होती, "बर्रेरा, तुमच्या चॅपेलात आम्हा पापी बायकांना कधी दर्शन?" आणि गाद्या शिवणाऱ्या त्या सगळ्या बाकभर खिदळल्या होत्या. क्लेलियाचे डोळे पिवळसर होते आणि ती सुई तोंडात धरून गाणं म्हणू शकायची. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. आणखी कसला पुरावा हवा होता? आपल्यासाठी कुणीतरी फुली ओलांडली, या विचाराने त्याचे कान तापले. घासायला आणि नव्याने हात द्यायला वेळ होता. वजरीची पूड त्याने हातात घेतलीही होती. मग ती खाली ठेवली, शेवटच्या हाताचं रोगण कालवलं आणि ते बोटावरून, बोट तसंच ठेवून, एका दमात वरपासून खालपर्यंत ओढलं.

त्यानंतर तो थांबला. चूक म्हणायची तर ही, आणि ती फक्त रोगणवाल्याच्याच हातून व्हावी अशी होती. घाई केली की रोगण सुरकुततं, वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आत कच्चंच राहतं, हे त्याच्या उस्तादाने त्याच्या डोक्यात टपल्या मारून मारून भरलं होतं. वाळू द्यावं. हात लावू नये. वाळलंय का ते पाहायचं तर जवळ जाऊन फक्त श्वास सोडावा. माणसांनाही हाच नियम लागू असणार असं तो धरून चालला. सारा उन्हाळा तो आवारात उभा राहून गादीकामाच्या बाकाकडे नुसता पाहत असे, डोळ्यांनी सगळं सांगत असे आणि वाळायची वाट पाहत असे. द्राक्षं उतरली तेव्हा क्लेलियाने गाड्या चालवून पारखणाऱ्या एका दांडगट ड्रायव्हरशी लग्न ठरवलं आणि ती अर्जेंटिनाला निघून गेली. पुढच्या वर्षाअखेर चेलेस्तीनोने त्याच बाकावरच्या ओर्सोलाला विचारलं. ती शांत होती, कामात चोख होती, आणि तिने जास्त आढेवेढे घेतले नाहीत. मग संसार झाला. मुलगा झाला, तो आता शहरातल्या मोटारींच्या मोठ्या कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काम करतो, मुलगी झाली, तिचं लग्न होऊन ती असती गावाला गेली. चेलेस्तीनो बायकोशी कधी वाईट वागला नाही. मात्र घरात काही वाईट घडलं, काही चांगलं घडलं, की त्याचं मन आपोआप उठून कुठेतरी एका निळ्या दाराशी जाऊन उभं राहायचं. तिथे कुणीतरी त्याच्यासाठी आलं होतं. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी त्याच्यासाठी नियम मोडला होता.

"हातातला पाव खा," ओर्सोला म्हणाली. "का त्यालाही रंग द्यायचाय?"

सकाळी त्याने माळ्यावरून जुनी पेटी काढली. कारखाना बंद झाला तेव्हापासून ती उघडली नव्हती. वजरीची पूड, घासायच्या नमद्याचे तुकडे, बोथट पातं, जवसाच्या तेलाची बाटली, तळाशी घट्ट झालेली. ओर्सोला ओट्याशी उभी होती.

"रविवारी प्रार्थनेला पेटी घेऊन जातोस आता?"

"पोर्ता पालाझ्झोला चाललोय. एक ओस्तोरेरो सापडलीये. उद्या मोडणार आहेत. जरा दार बघतो."

"कुठली?"

"निळी. प्रदर्शनातली."

ओर्सोलाचा डाळ निवडणारा हात थांबला. मग ती म्हणाली, "मफलर घे, धुकं आहे," आणि पुन्हा निवडू लागली. त्याने मफलर घेतला नाही. त्यात लोकर होती.

तपकिरी रंग निघायला मुळीच कष्ट पडले नाहीत. कोस्तान्सोच्या कुणा मेव्हण्याने तो दिला होता, खाली न घासता, न पुसता, आणि पातं लावताच त्याच्या पापडासारख्या खपल्या पडू लागल्या. आयुष्यभर चेलेस्तीनोने वाईट रंगाऱ्यांना नावं ठेवली होती. आज त्याने त्यांचे मनोमन आभार मानले. त्याखाली काळा निघाला, टॅक्सीचा काळा, आणि हा जरा चिवट होता, कारण तो फवाऱ्याने मारलेला होता. हा काळा रंग त्याला ओळखीचा होता. मोठ्या कारखान्याने तो अमेरिकेहून आणला तेव्हा मालकांनी, मोन्सू ओस्तोरेरोंनी, एका माणसाला प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं होतं. सगळे कामगार गोळा झाले. त्या माणसाने तोंडाला फडकं बांधलं, बंदूक रोखली आणि सकाळी सुरू करून दुपारच्या जेवणाआधी एक गाडी रंगवून मोकळा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोन्सूंनी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यात तोंड दिसतं, पण आत उतरता येत नाही." सगळे हसले, चेलेस्तीनोला तर रडू यायचं बाकी राहिलं. त्या एका वाक्यावर कारखाना आणखी दोन वर्षं जुन्या पद्धतीने चालला आणि त्याच दोन वर्षांत बुडायला लागला. मग घाईघाईने बंदुका विकत घेतल्या, तेव्हा जे थोडे लोक केवळ रोगणासाठी ओस्तोरेरो घेत तेही मोठ्या कारखान्याच्या स्वस्त गाड्यांकडे वळले. धड हेही नाही, धड तेही नाही. मोन्सूंनी कारखान्याच्या चाव्या सोपवल्या त्या दिवशी ते फाटकाबाहेर उभे राहून प्रत्येक कामगाराशी हात मिळवत होते. चेलेस्तीनोशी हात मिळवताना त्यांनी त्याचा तळवा उलटून पाहिला, जणू तोही माल होता आणि तपासून पाठवायचा होता. आता त्या कारखान्यात बिस्किटं होतात. चॅपेलात बहुधा पिठाची पोती रचलेली असतील. बोर्गो सान पाओलोच्या कारखान्यांच्या वस्तीत तेव्हा प्रत्येक गल्लीत एक नाव होतं, प्रत्येक नावाची एक गाडी, आणि रविवारी लोक आपापल्या गाडीच्या बाजूने भांडायचे, मालकाच्या नव्हे, गाडीच्या. आता एकच नाव उरलंय. भांडायला दुसरी बाजूच नाही.

काळ्याखाली करडा. युद्धाचा रंग. गाडी सरकारजमा झाली असणार, कुणा अधिकाऱ्याला फिरवायला. ओस्तोरेरोचा कारखाना खरा मोठा झाला तो याच करड्या रंगात: रुग्णवाहिका, मालट्रक, तोफा ओढायच्या गाड्या, एकेक हात करडा मारून रोज फाटकाबाहेर. नवीन इमारती उठल्या, शेतातून माणसं आली, बायका यंत्रांवर उभ्या राहिल्या, आणि मोन्सूंना सरकारने मानाची पदवी दिली. चॅपेलला कुलूप पडलं, कारण चॅपेलात काही कामच नव्हतं. चेलेस्तीनो बादलीतून करडा रंग फासत असे आणि त्याला वाटे, हे संपेल, मग पुन्हा पाणी शिंपडू. युद्ध संपलं. इमारती उरल्या, यंत्रं उरली, आणि एवढ्या पसाऱ्याला पुरतील एवढ्या निळ्या गाड्या घेणारे लोक जगात नव्हते. कारखाना छोटा असता तर कदाचित तरला असता. मोठेपणाच त्याच्या मुळावर आला.

करड्याखाली निळा लागला तेव्हा तो थांबला. सैन्याच्या रंगाऱ्यांनीही खालचं रोगण खरवडलं नव्हतं. त्यामुळे करडा त्याला धरून बसलाच नव्हता, नुसता वर पडून होता. चेलेस्तीनोने पातं बाजूला ठेवलं, नमदा पाण्यात भिजवला, वजरीची पूड घेतली. हात आपोआप गोल फिरू लागला. हा निळा त्या काळातला, जेव्हा मोन्सूंच्या कारखान्यात जेमतेम चार-पाच डझन माणसं होती आणि त्यातली निम्मी त्यांच्यासारखीच सायकलींच्या धंद्यातून आलेली. मोन्सू स्वतः बाह्या सरसावून चाकं तोलायचे. गाडी पुरी झाली की खिशातला रेशमी रुमाल काढून तो तिच्यावरून एकदा सभोवार फिरवायचे. या गाडीवरूनही फिरवला होता. डाव्या दाराशी त्यांचा रुमाल थांबला होता. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, मग चेलेस्तीनोकडे पाहिलं. तो पांढरा पडला. मोन्सूंनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सुरेख." त्यांनी कधी विचारलं नाही. कसला दिलदार माणूस, आणि कसा बुडाला. चेलेस्तीनोला एकाएकी त्या सगळ्यांची इतकी ओढ लागली, त्या आवाराची, कोंदट तेलाच्या वासाची, स्वतःच्या त्या दमदार छातीची, की नमदा हातात धरून तो तसाच ओणवा राहिला. कोस्तान्सोने लांबून विचारलं, "काका, बरं आहे ना?"

"बरं आहे," तो म्हणाला, आणि पाणी ओतून दार धुतलं.

ते तिथेच होतं. धुकं विरून तिरपं ऊन पडलं होतं, त्यात ओल्या निळ्याच्या आत, वर नाही, आत, बोटाचं टोक दिसलं. त्याला आठवत होतं त्यापेक्षा लहान आणि रुंद. इतक्या वर्षांत रोगण जरा सरकलं असेल असं त्याने मनाशी म्हटलं. त्याने हात लावला नाही. तोंड जवळ नेलं आणि श्वास सोडला. निळ्यावर वाफ धरली आणि हळूहळू विरली, आणि ते पुन्हा दिसू लागलं.

"डबा आणलाय," मागून ओर्सोला म्हणाली.

ती कधी आली त्याला कळलं नव्हतं. डोक्याला रुमाल, काखेत गुंडाळलेला डबा, बाजारातून चालत आल्यामुळे थोडी धाप लागलेली. दुपार उलटत आली होती. तो दारासमोरून बाजूला झाला नाही. उलट थोडा सरकला, दार झाकलं जाईल असा. चोवीस वर्षं जपलेली गोष्ट, आणि नेमकी बायकोच्या समोर उघडी पडायची. पण ओर्सोलाने त्याच्या खांद्यावरून पाहिलंच. ती वाकली. खूप वेळ वाकून राहिली.

"पुसलं नाहीस तू," ती म्हणाली.

"काय?"

"बोट. मला वाटलं घासून टाकलं असशील. कुणी काही बोललं नाही ना, म्हणून. किती दिवस माझी झोप उडाली होती. आता कामावरून काढतात, उद्या काढतात." तिने डबा जमिनीवर ठेवला आणि आपला उजवा हात पुढे केला, पहिलं बोट दाराशी, त्या खुणेच्या शेजारी धरलं, टेकवलं मात्र नाही. "जाड झालंय माझं. पण तेच आहे की नाही बघ."

तेच होतं. त्याला वळणं मोजावी लागली नाहीत. रुंद, टोकाशी चपटं, दाभणाने दबून दबून तसं झालेलं बोट, जे त्याने रोज पाव कापताना, डाळ निवडताना, मुलांच्या नाकावरून फिरताना पाहिलं होतं.

"तू आत आली होतीस?" त्याने विचारलं. "का?"

ओर्सोला हसली, जरा लाजून, आणि लाजल्याचा राग येऊन. "का म्हणजे? तू त्या गाडीला ज्या नजरेने बघायचास ना, तसं कुणी कशाला बघतं ते पाहायचं होतं. क्लेलिया नुसती बडबडायची, तिची छाती नव्हती. मी श्वास धरून गेले. मनात म्हटलं, त्याने जिथे हात फिरवला तिथे एकदा आपणही लावून बघू." ती पुन्हा दाराकडे वळली. "आणि मग तू उन्हाळाभर आवारात उभा राहून आमच्या बाकाकडे बघत राहिलास. एक अक्षर बोलला नाहीस. मला वाटायचं, याला माहीतच आहे, पण हा बोलणार कसा, फुली मोडलेली. मग वाटायचं, छे, याला काय माहीत असणार. इतकी वर्षं मला कळलं नव्हतं, चेलेस्तीनो. आज कळलं. वर हात मारलास आणि ठेवून दिलंस. माझं म्हणून."

तिने विचारलं नव्हतं. ती सांगत होती. क्लेलियाचं नाव त्याच्या घशाशी आलं. ओर्सोलाच्या शेजारी, त्याच बाकावर, सुई तोंडात धरून गाणारी. त्याची नजर सारा उन्हाळा हातभर बाजूला पडत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यानंतर ही बाई डबा उचलेल, रुमाल सारखा करील आणि घरी जाऊन दिवा लावील, आणि पुन्हा कधी काही विचारणार नाही. तिचा चेहरा उन्हात होता. असा तिचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. किंवा असेलही, त्याने पाहिलं नसेल.

"हो," तो म्हणाला.

"दगडा," ती म्हणाली. "आणि मी जगाला सांगत फिरले की दगडाशी लग्न केलं." तिने डोळे पुसले आणि डब्याचं झाकण काढलं. "खा. निवलंय सगळं."

तो उभ्यानेच जेवला. मसूर आणि सॉसेज, वर थिजलेली चरबी. प्रत्येक घास गिळताना त्याला वाटत होतं की ते 'हो' खरं असायला हवं होतं. आपण त्या सकाळी वजरी खाली ठेवली ती हिच्यासाठी ठेवायला हवी होती. मग चोवीस वर्षं त्याला कुठल्या दाराशी जावं लागलं नसतं. ते दार रोज संध्याकाळी त्याच्यासाठी उघडलं जात होतं, हातात सूप घेऊन. त्याच्यासाठी जी आली होती ती कधी परत गेलीच नव्हती, आणि त्याने तिला पाहुणीसारखं वागवलं.

कोस्तान्सो पिंपांवरून उतरून जवळ आला. दाराचा निळा पाहून त्याने शीळ घातली. "म्हातारी तरुणपणी राजकन्या होती की. काका, दार हवं तर काढून देतो. लाकूडच आहे, भंगारवाला तसंही फेकून देणार."

चेलेस्तीनो काही बोलायच्या आत ओर्सोला म्हणाली, "काय करायचंय दार घेऊन? बोट आमच्या घरीच आहे."

कोस्तान्सोला काही कळलं नाही, पण तो हसला, आणि त्याने तिला कागदात मूठभर खारे मासे बांधून दिले.

ते परत निघाले तेव्हा कमानींखालच्या वाटेवर रविवारची गर्दी होती. पेटी जड होती, त्यामुळे चेलेस्तीनो मागे पडला. ओर्सोला पुढे चालली होती, एका हातात रिकामा डबा, दुसऱ्यात माशांचा पुडा, आणि तिची चाल आज हलकी होती. ती एका दुकानाच्या काचेत डोकावली, कुणाला तरी बाजूला व्हायला सांगितलं, पुन्हा चालू लागली. तिचा रुमाल लोकांमध्ये दिसेनासा होई आणि पुन्हा दिसे. चेलेस्तीनोला तिची आठवण येऊ लागली. दूर गेलेल्या माणसाची येते तशी. श्वास धरून त्या खोलीत शिरलेल्या मुलीची, पहिल्या बाळंतपणात त्याचा हात शोधणाऱ्या बाईची, रोज टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आणि त्याने न पाहिलेल्या तिची. ती वीस पावलांवर होती आणि तिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता. त्याने पेटी खाली ठेवली आणि तिला हाक मारली. लोक वळून पाहू लागले. इतक्या मोठ्याने त्याने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं.

ती थांबली, वळली. "काय झालं? दमलास?"

"नाही," तो म्हणाला. "तिथेच थांब. मी येतोय."